दवाखाना उघडणे सोपे, चालवणे अवघड : जामखेडचा धडा

आपल्या समाजात दानधर्माची कमतरता नाही. रमजान जवळ आला की भिवंडीतल्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत मोफत वैद्यकीय शिबिरांची पोस्टरे लागतात. शाळेचा किंवा शादीखान्याचा हॉल मिळतो, पाच-सहा डॉक्टर वेळ काढून येतात, तरुण मुले धावपळ करतात. सकाळपासून रांग लागते. खोकल्याचे औषध, ताकदीच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात आणि संध्याकाळी मंडप उतरतो. सर्वांची नियत चांगली असते, मेहनतही खरी असते. पण महिन्याभराने तीच बाई तोच खोकला घेऊन गल्लीतल्या डॉक्टरकडे बसलेली दिसते आणि तिच्या मुलाचे पोट पुन्हा बिघडलेले असते.

शहरात निदान गल्लीतला डॉक्टर तरी असतो. भिवंडीतून वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूला किंवा शहापूर, वाड्याकडे तासभर गेले की भातशेतीचा आणि वीटभट्ट्यांचा मुलुख लागतो. तिथल्या कातकरी, वारली, मल्हार कोळी पाड्यांवर रात्री मुलाला धाप लागली तर आई काय करते, हा प्रश्न वेगळाच आहे. आपल्या शहरातील काही तरुण डॉक्टर आणि मंडळे अशा पाड्यांवर जाण्याचा विचार करतात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या आणि त्यांना वर्गणी देणाऱ्या घरांच्या उपयोगासाठी, आपल्याच महाराष्ट्रात पन्नास वर्षांपूर्वी सुरू झालेल्या एका कामाची हकीकत इथे सांगायची आहे. ते काम जामखेडचे.

जनावरांच्या दवाखान्यात माणसांचा दवाखाना

जामखेड हा तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दुष्काळी तालुका. पाऊस कमी, जमीन हलकी, ज्वारी-बाजरीवर गुजराण आणि पोटासाठी ऊसतोडीला जाणारी माणसे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हे दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाले. लग्नानंतर त्यांनी काही वर्षे नगर जिल्ह्यातल्याच वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयात काम केले. रुग्णालय चांगले होते, रुग्णही पुष्कळ येत. पण त्यांच्या लक्षात एक गोष्ट येऊ लागली. जुलाबाने सुकलेले मूल बरे होऊन घरी जाते आणि काही आठवड्यांनी पुन्हा तसेच सुकून येते. घरातले पाणी तेच, ताटातली भाकरी तेवढीच, मग औषधाने काय होणार?

पुढे दोघे अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि 1970 मध्ये परत येऊन त्यांनी जामखेड निवडले. निवडीची त्यांची अट साधी होती : जिथले लोक स्वतः बोलावतील तिथे जायचे. गावच्या पुढाऱ्यांनी त्यांना जागा दिली ती जनावरांच्या जुन्या, वापरात नसलेल्या दवाखान्याची. तिथेच कामाला सुरुवात झाली. त्याचे नाव सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प.

गावोगाव बैठका घेतल्या तेव्हा लोकांनी दवाखाना मागितलाच नाही. त्यांनी पाणी मागितले आणि पोटाला अन्न मागितले. एखादा डॉक्टर म्हणाला असता, हे माझे काम नव्हे. आरोळे दांपत्याने ते आपलेच काम मानले. 1972 चा भीषण दुष्काळ त्याच सुमारास आला. मुलांसाठी गावातच सामुदायिक स्वयंपाकघरे चालवण्यात आली, पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका खोदून हातपंप बसवण्यात आले. हे पंप शक्यतो दलित वस्तीत बसतील याची काळजी घेतली गेली. ज्यांना गावच्या विहिरीला हात लावू दिला जात नसे, त्यांच्या दारात आता सगळ्या गावाला घागर घेऊन यावे लागले. दुष्काळापुढे विटाळ टिकला नाही. स्वच्छ पाणी मिळाल्याने जुलाबही कमी झाले. त्या काळात त्या गावांत यापेक्षा मोठे औषध नव्हते.

नर्सबाई टिकेना, मग?

दवाखाना सुरू झाला, पण गावे दूरदूरची. म्हणून सुरुवातीला प्रशिक्षित नर्सना गावात राहायला पाठवण्याचा प्रयत्न झाला. तो जमला नाही. तरुण, एकटी, परगावची मुलगी खेड्यात राहायला घाबरे आणि गावातील बायकाही तिला आपली मानत नसत. ती सांगे ते पटे, पण घरी जाऊन सासूने सांगितलेलेच होई. तेव्हा गावाकडूनच सूचना आली की बाहेरची मुलगी कशाला, आमच्यातलीच एखादी बाई शिकवा.

इथून जामखेडच्या कामाला खरे वळण लागले. प्रत्येक गावाने आपली एक बाई निवडायची. ती साधारण मध्यम वयाची, लेकुरवाळी, लोकांत मिसळणारी. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. कित्येक दलित समाजातल्या होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. या बायका आठवड्यातून एकदा जामखेडला येत, मुक्काम करत, शिकत आणि परत जात. वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एकत्र स्वयंपाक करायचा, एकत्र जेवायचे आणि रात्री एकाच मोठ्या गोधडीखाली झोपायचे, अशी पद्धत ठेवली गेली. पहिल्या रात्री कोणाला झोप लागली असेल! पण हळूहळू जात त्या गोधडीतच विरून गेली.

मी शिक्षक असल्यामुळे या प्रशिक्षणाची पद्धत मला विशेष भावते. वर्षभराचा कोर्स एकदम शिकवून प्रमाणपत्र हातात दिले नाही. दर आठवड्याला थोडेसे शिकवायचे, बाईने ते गावात करून पाहायचे, पुढच्या आठवड्यात येऊन काय घडले ते सांगायचे आणि त्यावरून पुढचा धडा ठरायचा. पाठ्यपुस्तक म्हणजे गाव. परीक्षा म्हणजे शेजारणीचे बाळ. आपल्या बीएडच्या वर्गात आम्हाला अनुभवातून शिक्षण असे काहीसे शिकवले जाते. जामखेडच्या निरक्षर बायकांनी ते करून दाखवले.

त्या काय शिकल्या? सगळ्या गोष्टी साध्या होत्या.

बाळंतपणात सुईणीने नाळ कापायला जे हाती येईल ते वापरले, विळा किंवा गंजके पाते, की बाळाला धनुर्वात होई आणि आठवड्याभरात ते जाई. लोक त्याला बाहेरची बाधा समजत. या बायकांनी स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि स्वच्छ कापड यांची पुडी जवळ ठेवायला सुरुवात केली आणि गरोदर बाईला धनुर्वाताची लस मिळेल हे पाहिले.

बाळंतिणीला पहिले तीन दिवस येणारे पिवळसर दूध, म्हणजे चीक, वाईट म्हणून काढून टाकत. तोच बाळाचा पहिला बचाव आहे हे त्यांनी घराघरांत सांगितले. हा गैरसमज फक्त खेड्यातला किंवा फक्त एका धर्माचा नाही. आपल्या मोहल्ल्यांतल्या काही घरांत आजही बाळाला आधी मध, घुट्टी आणि मग दूध दिले जाते.

जुलाब झाले की मुलाचे पाणी तोडायचे, ही दुसरी समजूत. त्या जागी साखर-मिठाचे पाणी आले. कृती आजही तीच आहे : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. मिठाचे प्रमाण जास्त होऊ द्यायचे नाही, थोडे थोडे पाजत राहायचे आणि अंगावरचे दूध किंवा जेवण बंद करायचे नाही.

याशिवाय दर महिन्याला मुलांची वजने, कोणाचे वजन घटले त्या घरी फेरी, रातांधळेपणासाठी पालेभाजी, कुष्ठरोग्याला आणि क्षयरोग्याला गावातच ठेवून औषध पुरे होईपर्यंत पाठपुरावा, अशी कामे होती. अवघड बाळंतपण किंवा गंभीर आजार असेल तर वेळ न घालवता जामखेडच्या रुग्णालयात पाठवायचे. कुठे आपले काम संपते आणि डॉक्टरचे सुरू होते, हे ओळखणे हा त्यांच्या शिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होता.

आकडे काय सांगतात

1971 मध्ये प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या दर 1000 बाळांपैकी 176 बाळे पहिला वाढदिवस पाहत नसत. 1976 मध्ये हा आकडा 52 वर आला. 1990 च्या दशकात तो तिसाच्या आत होता. पहिल्या पाच वर्षांतली ही घसरण नीट पाहावी. तेवढ्या काळात जामखेडला काही मोठे यंत्र आले नव्हते, पाऊस वाढला नव्हता, लोक श्रीमंत झाले नव्हते. पाणी आले होते, मुलांच्या पोटात अन्न गेले होते आणि गावातल्या बायकांना ज्ञान मिळाले होते.

जगानेही याची दखल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये वेगवेगळ्या देशांतील लोकाधारित आरोग्यकामांवर एक ग्रंथ काढला, त्यात जामखेडवर एक प्रकरण होते. 1978 मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातील आल्मा-आटा येथे जगभरच्या देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला, त्यामागे ज्या थोड्या अनुभवांचा आधार होता त्यांत जामखेड होते. 1979 मध्ये आरोळे पतिपत्नींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल 1999 मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत 2011 मध्ये. 2005 मध्ये केंद्र सरकारने साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा कार्यकर्ती नेमण्याची योजना आणली, तीही गावातलीच, गावाने मानलेली बाई. आज आपल्या गल्लीत पोलिओच्या डोसासाठी दार ठोठावणाऱ्या आशाताईचे मूळ शोधत गेले तर ते जामखेडसारख्या गावांपर्यंत पोहोचते.

जामखेडच्या मुक्ताबाई पोळ या आरोग्यसेविका 1988 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनला एका मोठ्या आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहात झगमगती झुंबरे होती. त्या म्हणाल्या त्याचा आशय असा : ही झुंबरे सुंदर आहेत पण महाग आहेत, ती पाहायला हजारो मैल यावे लागते. डॉक्टर तसे असतात. मग त्यांनी एक साधा दिवा पेटवला आणि त्याने दुसरा दिवा लावला. आमच्यासारख्या गावच्या बायका या दिव्यासारख्या, स्वस्त आणि साध्या, पण एक दिवा दुसऱ्याला उजेड देऊ शकतो, झुंबराला ते जमत नाही. एका खेडूत बाईचे हे बोल ऐकून सभागृह उभे राहिले.

इतर वाटा, तोच रस्ता

जामखेड एकटे नाही. डॉ. रवींद्र कोल्हे नागपुरातून एमबीबीएस होऊन मेळघाटातल्या बैरागडला गेले आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासह तिथेच राहिले. त्यांची फी पहिल्यांदा येणाऱ्याला दोन रुपये आणि पुन्हा तपासायला एक रुपया अशी होती. बालमृत्यूच्या मागे कुपोषण आणि कुपोषणाच्या मागे शेतीची दैना आहे हे दिसले, तेव्हा या डॉक्टरांनी शेतीतही लक्ष घातले. 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून काम उभे केले. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. लोकांनी सांगितले तसा तो झोपड्यांच्या धर्तीवर बांधला आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचे नाव दिले. नवजात बाळाला घरीच जाऊन सांभाळायला गावातल्या बायकांना शिकवले. 39 गावांतल्या या कामाचा अहवाल 1999 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आला. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी घटले होते. पुढे बाळाच्या घरी जाऊन देखभाल करण्याचे हे काम देशभरच्या आशांच्या कामात आले.

आपल्या कोकणातही असा एक प्रयोग झाला आणि त्याचा शेवट सुखाचा नव्हता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील नामांकित प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया यांनी 1970 च्या दशकात अलिबागजवळ मांडवा भागात गावच्या अर्धशिक्षित बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. बायका उत्तम काम करू लागल्या. पण लोक स्वतः शहाणे झाले की काहींचे महत्त्व कमी होते. स्थानिक पुढारी आणि यंत्रणेतील मंडळींचा विरोध वाढत गेला आणि तो प्रयोग थांबवावा लागला. पाड्यावर दवाखाना काढू पाहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे. चांगल्या कामाला विरोध होत नाही, असे समजून कोणी घराबाहेर पडू नये. सरपंच, ग्रामसेवक, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, आशाताई या सर्वांना पहिल्या दिवसापासून बरोबर घेतले तर अर्धी वाट सोपी होते.

भिवंडीला यातून काय घेता येईल?

भिवंडी हे यंत्रमागाचे शहर. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणापासून आलेले कामगार कोंदट जागेत, कापसाच्या धुळीत बारा-बारा तास उभे राहतात. आणि याच तालुक्यात दिवाळीनंतर मोखाडा-जव्हारकडची आदिवासी कुटुंबे वीटभट्टीवर मुक्कामाला येतात, पावसाळा तोंडावर आला की परततात. शहरातला खोकला आणि पाड्यावरची धाप, दोन्हींचे उत्तर एकाच पद्धतीने शोधता येईल. माझ्या वाचनातून आणि शाळेत रोज भेटणाऱ्या आयांशी होणाऱ्या बोलण्यातून पाच गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, वार आणि वेळ ठरलेली हवी. वर्षातून एक मोठे शिबिर भरवण्यापेक्षा दर रविवारी दोन तास, त्याच झाडाखाली, त्याच शाळेच्या ओट्यावर बसणे अधिक उपयोगाचे. रक्तदाब, मधुमेह, मिरगी, क्षय हे आजार एका भेटीत बरे होत नाहीत. डॉक्टर पुढच्या आठवड्यात येणार हे ठाऊक असेल तरच माणूस गोळ्या पुऱ्या करतो. स्वयंसेवक डॉक्टर चार असतील तर त्यांनी पाळीने जावे, पण आठवडा चुकू देऊ नये.

दुसरी, प्रत्येक पाड्याची एक बाई शिकवावी. तिला आपण निवडू नये, पाड्याने निवडावे. तिने इंजेक्शन देऊ नये, डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधे स्वतःहून देऊ नयेत. तिने पाहायचे ते निराळे. मूल खूप भराभरा श्वास घेते का? घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायला कोणालाही शिकवता येते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, तर तो न्यूमोनिया असू शकतो आणि बाळाला लगेच डॉक्टरकडे न्यायला हवे. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध पीत नसेल तर एक क्षणही थांबू नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची औषधे तिथे मोफत आहेत, साधारण सहा महिने नेमाने घ्यावी लागतात, आणि उपचार चालू असेपर्यंत सकस आहारासाठी सरकार रुग्णाच्या खात्यात दरमहा 1000 रुपये जमा करते. ही रक्कम आधी 500 होती, नोव्हेंबर 2024 पासून वाढली. किती रुग्णांना हे ठाऊक असते? बँकेचे खाते नाही किंवा आधार जुळत नाही म्हणून अडलेल्या रुग्णाला घेऊन एखाद्या शिकलेल्या मुलाने कचेरीत जाणे, हीसुद्धा आरोग्यसेवाच आहे.

तिसरी, वही ठेवावी. कोण आले, काय झाले होते, काय दिले, पुन्हा आले का, कुठे पाठवले आणि तिथे पोहोचले का. आपल्या शिबिरांच्या अहवालात किती रुग्ण तपासले हा आकडा असतो. किती बरे झाले हा आकडा नसतो. आरोळ्यांनी पहिल्या वर्षी मृत बाळे मोजली, म्हणून पाच वर्षांनी किती वाचली ते सांगता आले. या कामासाठी डॉक्टर लागत नाही. आपल्या दहावी-बारावीच्या मुली हे उत्तम करतील.

चौथी, थोडी तरी फी घ्यावी. हे ऐकून काही वाचक नाराज होतील. पण फुकट मिळालेली गोळी कोनाड्यात पडून राहते, हा अनेकांचा अनुभव आहे. दोन रुपये, पाच रुपये, नाही जमले तर अंगणातली भाजी किंवा पाण्याची एक घागर. देणाऱ्याची मान ताठ राहते आणि दवाखाना आपला वाटतो. ज्याच्याकडे खरोखर काहीच नाही त्याला मात्र कोणी विचारूही नये.

पाचवी, औषधाच्या पुडीबरोबर दुसरे काही देऊ नये, ना पक्षाचा झेंडा, ना धर्माचा प्रचार, ना आपल्या मंडळाचा फोटो. आरोळे ख्रिस्ती होते, गावे हिंदू, दलित, मुसलमान अशी मिश्र होती. रुग्णाला त्याचा धर्म विचारला गेला असता तर जामखेड उभे राहिले नसते.

पैसा कुठून, कोणता?

हा प्रश्न आपल्या घरांत नक्की विचारला जाईल, म्हणून स्पष्ट लिहिते. जकातीच्या खर्चाचे आठ हक्कदार सूरह तौबामध्ये ठरवून दिलेले आहेत. बहुसंख्य उलेमांच्या मते जकात मुसलमान गरजूंसाठी आहे, आणि हनफी फिकहमध्ये ती गरजूच्या मालकीची करून देण्याची शर्त आहे. म्हणून जकातीच्या पैशातून दवाखान्याची इमारत, गाडीचे डिझेल किंवा पगार भागवण्याआधी आपल्या उलेमांना विचारावे. गरीब रुग्णाच्या औषधाची रक्कम थेट त्याच्या हातात देता येते. पाड्यावरच्या कामासाठी मात्र नफिल सदका आणि लिल्लाह रक्कम आहे, जी कोणत्याही धर्माच्या गरजूसाठी खर्चता येते. मंडळाने दोन वेगळ्या वह्या ठेवल्या तर देणाऱ्याचाही विश्वास बसतो.

आणि हे काम आपल्यासाठी नवे नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदिनेत मस्जिदीजवळ हजरत रुफैदा (रजि.) यांचा तंबू होता, त्यात त्या जखमींची शुश्रूषा करत. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना तिथे ठेवण्यात आले होते. कैरोमध्ये सुलतान कलावून याने 1284 मध्ये बांधलेले रुग्णालय वक्फच्या उत्पन्नावर शतकानुशतके चालले. दाता गेला तरी दुकानांचे आणि जमिनींचे भाडे येत राहिले आणि रुग्णांना मोफत उपचार मिळत राहिले. एकदाच मोठी देणगी देण्यापेक्षा एखाद्या गाळ्याचे भाडे कायमचे दवाखान्याच्या नावे करणे, हा त्या परंपरेचा आजचा अर्थ असू शकतो. मेडिकल शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या वेळेचीही अशीच वक्फ करता येईल, महिन्यातले दोन रविवार.

बायकांशिवाय हे होणार नाही

शेवटी माझ्या वाचक बहिणींसाठी दोन शब्द. शाळेत पालकसभा असते तेव्हा मी पाहते, मुलाच्या आजाराबद्दल बोलायला आईच येते. कोणते मूल रोज उपाशी येते, कोणाच्या घरी खोकला महिनाभर चालू आहे, कोणती सून गरोदर असून अजून एकदाही तपासायला गेलेली नाही, हे गल्लीतल्या बायकांना सगळे ठाऊक असते. डॉक्टरांना ते ठाऊक नसते. जामखेडने नेमकी ही माहिती कामाला लावली. तिथल्या बायकांना अक्षरे येत नव्हती, आपल्यापैकी बहुतेकींना उर्दू, मराठी, थोडे इंग्रजीही वाचता येते. साखर-मिठाच्या पाण्याचे प्रमाण, श्वास मोजण्याची रीत, गरोदरपणातल्या तपासण्या, क्षयाची लक्षणे, एवढे चार धडे आठवड्याला एक याप्रमाणे शिकायला महिना पुरतो. दुपारी मुले मदरशाला गेली की एका घरात दहा बायका बसल्या तरी वर्ग भरतो. शिकवायला आशाताईला बोलवा. बोलावले तर ती आनंदाने येते, कारण तिला सहसा कोणी बसायलाही सांगत नाही.

जामखेड, बैरागड, गडचिरोली इथे मोठे डॉक्टर गेले म्हणून कामे सुरू झाली हे खरे. पण ती टिकली ती गावच्या बायकांमुळे आणि नेमाने येत राहणाऱ्या साध्या माणसांमुळे. यंदा शिबिरासाठी वर्गणी मागायला मुले दारात आली की जरूर द्या. त्याबरोबर एवढे विचारा : पुढच्या रविवारी डॉक्टर पुन्हा येणार आहेत का, आणि त्या पाड्यावरच्या कोणत्या बाईला तुम्ही काय शिकवून आलात? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या मंडळाकडे असतील, त्याच्या पाठीशी आपण पैशाने, वेळेने आणि दुआने उभे राहू या. अल्लाह आपल्याला ही खिदमत नेमाने करण्याची तौफिक देवो. आमीन.